पानं टाकायला शिकणं

माहुलगावात मामाच्या घरी दीड दिवसाचा गणपती. पहिल्या रात्री जागरण. आरती झाली, भजनाचा टाळ थांबला की ओटीवर चटई पडायची आणि पत्त्यांचा कॅट निघायचा. पैसे लावायला आजीची सक्त बंदी होती, म्हणून ती स्वतःच बरणीतले चिंचोके काढून द्यायची, प्रत्येकाला मोजून पन्नास. बाहेर पाऊस, आणि रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत ओल्या पत्र्यांवर नारिंगी उजेड टाकत असायची. खेळ एकच, तीन पत्ती. मामा पानं न बघता ब्लाइंड खेळायचा, चालीवर चाल लावायचा, आणि कुणी पॅक केलं, म्हणजे पानं टाकली, की सगळे मिळून त्याला म्हणायचे, "घाबरला रे घाबरला!"

पुढे मी पोकर शिकलो तेव्हा मला सर्वांत महाग पडलं ते हे वाक्य. तीन पत्तीत वाढलेला मराठी माणूस पोकरच्या पटावर बसतो तेव्हा नियम त्याला अर्ध्या तासात येतात. येत नाही ते पानं टाकणं. म्हणून या प्रकरणात मी पोकर तीन पत्तीच्या अंगाने सांगणार आहे. आपल्याला जे येतं तिथून सुरुवात केली की नवीन काय आहे ते नेमकं दिसतं.

आधी पानांची उतरंड. तीन पत्तीत सर्वांत वर ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं. त्याखाली एकाच रंगाची लागोपाठ तीन पानं, प्युअर सिक्वेन्स. मग साधी सिक्वेन्स, मग कलर, मग पेअर, आणि काहीच नसेल तर मोठं पान. ही उतरंड कुणी मनाने ठरवली असेल असं लहानपणी वाटायचं. पण ती मोजता येते. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत कलर १,०९६ आहेत आणि साध्या सिक्वेन्स ७२०. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वर. पेअर ३,७४४, आणि काहीच न लागलेले हात १६,४४०. म्हणजे चारातले जवळजवळ तीन हात रिकामे. ब्लाइंड खेळणाऱ्या मामाचा जोर कशावर चालायचा ते इथे कळतं. समोरच्याच्या हातातही बहुधा काही नसतंच.

एक गंमत मात्र या मोजणीत निघते. ट्रेल ५२ आहेत आणि प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे हिशेबाने प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी ती ट्रेलच्या खाली. तीन एक्के हातात आल्यावर हरणं कुणाच्याच मनाला पटलं नसतं, एवढंच कारण मला दिसतं. परंपरेने इथे गणिताला बाजूला सारलं आहे.

पोकरमध्ये हात पाच पानांचा. बावन्नातून पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, आणि पानं वाढल्याबरोबर उतरंड हलते. पोकरमध्ये सिक्वेन्सला स्ट्रेट म्हणतात आणि कलरला फ्लश. पाच पानांचे स्ट्रेट १०,२०० होतात आणि फ्लश फक्त ५,१०८. तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ होती, पाच पानांत कलर दुर्मीळ झाला. म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीवाल्या माणसाची पहिली भांडणं याच जागी होतात, आणि ती आकड्यांनीच मिटतात.

बाकीची उतरंड वरून खाली अशी लक्षात ठेवावी. सर्वांत वर एकाच रंगाची लागोपाठ पाच पानं, स्ट्रेट फ्लश. त्यातही दश्शीपासून एक्क्यापर्यंतची रांग असेल तर ती रॉयल फ्लश, आणि ती साऱ्या कॅटमधून चारच प्रकारे होते. मग चार सारखी पानं, असे हात ६२४. मग फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी: तीन राजे आणि दोन सत्त्या, असं. हे ३,७४४, तीन पत्तीतल्या पेअरच्या नेमके इतकेच. मग फ्लश, मग स्ट्रेट, मग तीन सारखी, मग दोन जोड्या, मग एक जोडी, मग नुसतं मोठं पान. आपली ट्रेल, तीन पत्तीची महाराणी, इथे मधल्या पायरीवर येऊन बसते. हे मनाला पटायला वेळ लागतो. रंगांमध्ये मात्र लहानमोठं काही नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर, चौघं सारखे.

आता खेळ. पोकरचे प्रकार बरेच आहेत, पण आज जगभर जो खेळला जातो तो टेक्सस होल्डेम. पोकर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात रुजलं आणि मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींतून पसरलं. सुरुवातीला ते वीसच पानांवर खेळत. होल्डेम त्या मानाने नवीन, विसाव्या शतकातलं टेक्ससचं. लास व्हेगासला १९७० मध्ये जागतिक पोकर स्पर्धा सुरू झाली, आणि २००३ मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा एक हौशी अकाउंटंट इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून पात्र ठरून तिथे पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला आला. त्यानंतर हा खेळ घराघरांत गेला. आपल्याकडेही तो त्याच लाटेने आला.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पानं मिळतात, पालथी. ती फक्त आपण बघायची. मग पटाच्या मधोमध पाच पानं उघडी पडतात, सगळ्यांची सामाईक. आधी तीन एकदम, त्यांना फ्लॉप म्हणतात. मग एक, टर्न. मग शेवटचं, रिव्हर. हातातली दोन आणि पटावरची पाच अशा सातांतून ज्याची उत्तम पाच पानं होतील तो डाव घेतो. पानं पडण्याआधी एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या.

तीन पत्तीत डाव सुरू होताना सगळे बूट टाकतात. होल्डेममध्ये बूट दोघांचाच. वाटणाऱ्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड टाकतो, त्याच्या डावीकडचा त्याच्या दुप्पट, बिग ब्लाइंड. दर डावाला वाटप एकेक जागा पुढे सरकतं, म्हणून हा भार सगळ्यांवर आळीपाळीने येतो. आपली पाळी आली की करण्यासारख्या गोष्टी मोजक्या. कुणी काही लावलं नसेल तर चेक, म्हणजे काही न लावता पुढे सोडणं. किंवा आपण लावायचं, ती बेट. कुणी लावलं असेल तर तेवढंच भरायचं, हा कॉल. वाढवायचं, तर रेज. आणि पानं टाकून द्यायची, तर फोल्ड. तीन पत्तीत पानं पाहिलेल्याला ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट भरावं लागतं. पानं पाहणं हाच तिथे गुन्हा. पोकरमध्ये असा दंड नाही. पाहा, विचार करा, आणि मग भरा.

त्या सामाईक पाच पानांनी खेळाचा स्वभावच बदलतो. तीन पत्तीत समोरच्याच्या हाताविषयी आपल्याला काहीच दिसत नाही, त्याची चाल तेवढी दिसते. इथे त्याच्या सात पानांतली पाच आपल्या डोळ्यांसमोर पडलेली असतात. पटावर तीन बदाम असतील तर कुणाचा तरी कलर असू शकतो. एकाही पानाची जोडी पटावर नसेल तर फुल हाउस कुणाचंच नाही. हे अंदाज नाहीत, दिसतात तशा गोष्टी आहेत.

एक डाव जवळून पाहू. माहुललाच, काही वर्षांनी, मी घरच्यांना होल्डेम शिकवल्यानंतरचा. चौघं होतो: मामा, मामी, मामेबहीण आणि मी. चिंचोके तेच. मामीने वाटलं. बहिणीने स्मॉल ब्लाइंडचा एक टाकला, मी बिग ब्लाइंडचे दोन. मामाने पानं पाहिली आणि चार केले. मामीने चार भरले. बहिणीने टाकली. माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी होती, मी आणखी दोन घालून चार पुरे केले. पटावर तेरा चिंचोके.

फ्लॉप पडला: बदामचा राजा, किल्वरची सत्ती, बदामची चव्वी. माझे चार बदाम झाले. एक आणखी आला की एक्क्याचा कलर, बहुतेक वेळा न हरणारा हात. मी चेक केलं. मामाने सहा लावले. मामीने पानं पालथीच पुढे सरकवली, एक शब्द न बोलता. मी सहा भरले. पटावर पंचवीस.

माझं भरणं इथे बरोबर होतं का? कॅटमध्ये तेरा बदाम. दोन माझ्या हातात, दोन पटावर, उरले नऊ. मला न दिसलेली पानं सत्तेचाळीस. अजून दोन पानं पडायची आहेत, त्यांत एक तरी बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. तोंडी हिशेबाची युक्ती अशी की उपयोगी पानांची संख्या दोन पानं बाकी असताना चारने गुणायची, एक बाकी असताना दोनने. नऊ चोक छत्तीस. जवळ आलं. सहा भरून एकोणीस मिळवायचे होते, म्हणजे चारात एकदा लागलं तरी पुरे. दोन्ही पानं तेवढ्यात पाहायला मिळाली असती तर सौदा चांगलाच होता.

टर्नला इस्पिकची दुर्री आली. मला तिचा काही उपयोग नाही. मी चेक केलं, आणि मामाने पटावर होते तेवढेच, पंचवीस, लावले.

आता सगळा खेळ या एका क्षणात आहे. न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. पाचात एकदाही पूर्ण नाही. पंचवीस भरले तर मिळायचे पन्नास. हाच डाव शेहेचाळीस वेळा खेळला आणि प्रत्येक पान एकेकदा आलं असं धरू. नऊ वेळा पन्नास मिळतील, ४५०. सदतीस वेळा पंचवीस जातील, ९२५. तोटा ४७५, म्हणजे दर वेळी दहापेक्षा जास्त चिंचोके. पण मामाने पंचवीसऐवजी चारच लावले असते तर? चार भरून एकोणतीस मिळायचे. नऊ वेळा एकोणतीस, २६१. सदतीस वेळा चार, १४८. नफा ११३. पानं तीच, माझा हात तोच, पटही तोच. फक्त भाव बदलला आणि चूक बरोबर झाली. आपले मासळी बाजारातले लोक हे कुणी न शिकवता जाणतात: चांगली कोलंबीसुद्धा वाटेल त्या भावाला घ्यायची नसते.

मी भरले. चार बदाम हातात असताना पॅक करायचं कसं, हा विचार. जुनं वाक्य कानात होतंच. रिव्हरला किल्वरची राणी पडली. मामाने चौकटचा राजा आणि इस्पिकची राणी उघडली, दोन जोड्या, आणि पंचाहत्तर चिंचोके ओढून घेतले. मला इथे आग्रहाने सांगायचं आहे ते असं की रिव्हरला बदामची तिर्री पडली असती आणि मी तो ढीग जिंकला असतो, तरी माझं भरणं चुकीचंच राहिलं असतं. त्या रात्री जिंकलो असतो तर ते शिकायला मला आणखी दहा वर्षं लागली असती. पोकरमध्ये निकालावरून निर्णय तपासायचा नसतो. निर्णयाच्या वेळी काय दिसत होतं, त्यावरून तपासायचा असतो.

पहिला निर्णय तर फ्लॉपच्याही आधीचा. दोन पानांचे १,३२६ हात होतात. दोन एक्के त्यांतले सहा, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा. बहुतेक वेळा हातात गुलाम-तिर्री, नव्वी-चव्वी असलंच काही येतं, आणि ते टाकायचं असतं. वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री हा सर्वांत वाईट हात मानतात: त्यांची एकमेकींशी रांग लागत नाही, कलर नाही, आणि जोडी झाली तरी लहान. सुरुवातीला मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी एवढ्यांवरच खेळावं. नंतर जसजसं कळेल तसतशी यादी वाढवावी.

बसण्याची जागाही पानांइतकीच महत्त्वाची. फ्लॉपनंतर वाटणारा सर्वांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी चेक केलं, लावलं, टाकलं, हे सगळं पाहून तो ठरवतो. त्यामुळे जो हात आपण वाटताना खेळू, तोच पहिल्यांदा बोलायची पाळी असताना टाकलेला बरा. माझी ती एक्का-नव्वी मामीच्या जागेवर जास्त किमतीची होती.

आणि थाप. पोकर म्हटलं की लोकांना ब्लफ आठवतो, सिनेमातला, दगडी चेहऱ्याचा. ब्लफलाही भाव आहे. पटावर साठ असताना साठ लावून थाप मारली तर समोरचा निम्म्याहून जास्त वेळा पानं टाकणार असेल तरच ती परवडते. तीस लावले तर तिनात एकदा पळाला की हिशेब बरोबर. म्हणून जो कधीच टाकत नाही त्याला थाप मारण्यात अर्थ नाही. मामाला ब्लफ करणं म्हणजे चिंचोके दान करणं होतं. थाप मारायची ती मामीला, आणि तीही क्वचित, कारण ती आधी काय काय झालं ते लक्षात ठेवायची. ज्याने सुरुवातीपासून चेक-चेक केलं तो शेवटच्या पानाला अचानक डोंगर लावतो, तर मधल्या दोन फेऱ्यांत त्याचा हात कुठे होता, हे ती मनात जुळवून पाहायची. चांगली थाप ही पहिल्यापासून नीट सांगितलेली गोष्ट असते.

पैशाविषयी आणि कायद्याविषयी सांगणं मला भाग आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. कौशल्याचा खेळ कोणता, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात निकाल दिला. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं आहे. पोकर या दोघांच्या मधे अडकलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला नाव घेऊन सूट दिली, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर नशिबाचं ठरवलं, आणि गुजरातचा कायदा म्हणजे आपलाच तो १८८७ चा. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. त्यामुळे पैसे लावून उघडपणे खेळायचं तर आपले लोक गोव्याला, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवर जातात. तिथे प्रत्येक डावातून कॅसिनो आपला वाटा कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. चौघं सारख्याच कुवतीचे बसले तर चौघंही हळूहळू हरतात, ते या रेकमुळे. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याला तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही.

मला स्वतःला पोकर कौशल्याचं वाटतं, वरचा डाव पाहिल्यावर तुम्हालाही वाटेल. पण कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात, आणि एका रात्रीत पगार जायला दोन-तीन डाव पुरतात. खेळातलं सगळं शहाणपण चिंचोक्यांवर पूर्णपणे शिकता येतं. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. अट एवढीच की चिंचोके मोजून द्यायचे आणि संपले की त्या रात्री पुन्हा द्यायचे नाहीत. आजीचा नियम हाच होता. फुकटचे चिंचोके मिळायला लागले की कुणी पानं टाकतच नाही, आणि मग शिकण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवात करताना चार-पाच जण बसा. प्रत्येकाला शंभर चिंचोके, ब्लाइंड एक आणि दोन. शेजारी एक वही ठेवा. जिंकलेल्या डावांची नोंद नको. आपण कोणती पानं कुणाच्या कोणत्या बोलीला टाकली आणि कोणती भरली, तेवढंच लिहा, आणि दुसऱ्या दिवशी डोकं थंड असताना भावाचा हिशेब घाला. माझ्या वहीत त्या माहुलच्या रात्रीचं पान आहे. चाळीस डाव झाले. मामाने फ्लॉपआधी पाच वेळा पानं टाकली, मी अकरा वेळा, बहिणीने सोळा. मामीने अठ्ठावीस वेळा. पहाटे बरणी भरायला घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त चिंचोके तिच्या पदरात होते, आणि ती ते मोजत नव्हती, काकड आरतीला किती वाजता उठायचं ते विचारत होती.